देवाचा संकल्प आणि मनुष्याचा अपराध : वधस्तंभाविषयीं एक विचार

खेड्यापाड्यांतून शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्या उपदेशकांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. पारावर किंवा चावडीपुढें ख्रिस्ताच्या मरणाची हकीकत सांगून झाली, म्हणजे श्रोत्यांतील एखादा विचारी गृहस्थ म्हणतो, "मास्तर, हें मरण देवानें आधींच ठरविलें होतें असें तुमचें शास्त्र सांगतें. मग त्या यहूदाचा दोष काय? त्या सुभेदार पिलाताला बोल कां लावावा? देवानें ठरविलें तेंच त्यांनीं केलें. खरें पाहतां त्यांचे उपकारच मानले पाहिजेत!" हा प्रश्न नेहमींच थट्टेचा असतो असें नाहीं. पुष्कळ वेळां तो मनापासून विचारलेला असतो, आणि त्यावर रागावणें किंवा घाईघाईनें गायन सुरू करून तो बुडवून टाकणें उपदेशकास शोभत नाहीं.

हाच प्रश्न आमच्या मंडळ्यांच्या आंतही निराळ्या वेषानें वावरत असतो. मूल तापानें दगावलें कीं शेजारी म्हणतात, "देवाची इच्छा." भावानें भावाचें शेत बळकाविलें कीं पंच म्हणतात, "जाऊं द्या, देवाच्या मनांत तसेंच असेल." मुलगा दारूच्या नादीं लागला कीं बाप म्हणतो, "देवानें त्याच्या नशिबीं हेंच लिहिलें." शब्द ख्रिस्ती आहेत, पण त्यांच्या आड जुनें प्रारब्धच दडून बसलेलें आहे. सटवी येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि तें लिहिणें कोणासही पुसतां येत नाहीं, असें आमचे पूर्वज मानीत. आम्हीं सटवीचें नांव काढून तेथें देवाचें नांव घातलें आणि बाकी सर्व जसेंच्या तसें ठेविलें, तर आमच्यांत पालट तो कोणता झाला? म्हणून देव सर्वसत्ताधीश आहे ह्या आमच्या विश्वासाचा खरा अर्थ काय, व ख्रिस्ताच्या वधस्तंभापाशीं उभें राहून पाहिलें असतां तो कसा दिसतो, ह्याचा नीट विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही अडचण पवित्र शास्त्रानें लपविलेली नाहीं. पेंटेकॉस्टच्या दिवशीं यरुशलेमांत पेत्र जमावापुढें उभा राहिला, तेव्हां वधस्तंभाच्या घटनेस पुरते दोन महिनेही झाले नव्हते. ऐकणाऱ्यांत त्या दिवशीं ओरड करणारेही असतील. त्यांस पेत्र एकाच वाक्यांत दोन गोष्टी सांगतो : येशू हा देवाच्या ठाम संकल्पानुसार व पूर्वज्ञानानुसार धरून दिला गेला, आणि त्यास तुम्हीं अधर्मी लोकांच्या हातून जिवें मारविलें (प्रेषितांचीं कृत्यें २ : २३). पुढें छळाचा प्रसंग आला तेव्हां शिष्यांनीं जी प्रार्थना केली तींतही ह्याच दोन गोष्टी एकत्र आहेत (४ : २७, २८). एकीनें दुसरीस खोडलें आहे असें पेत्रास वाटत नाहीं. देवाचा संकल्प सांगून झाल्यावर तो श्रोत्यांस, "म्हणून तुम्ही मनास लावून घेऊं नका," असें म्हणत नाहीं. आणि ऐकणाऱ्यांनींही तसा अर्थ घेतला नाहीं. त्यांच्या अंतःकरणास टोंचणी लागली, आतां आम्हीं काय करावें असें ते विचारूं लागले, आणि त्या दिवशीं सुमारें तीन हजार माणसांची भर मंडळींत पडली. ज्या उपदेशांत देवाचें सार्वभौमत्व इतक्या स्पष्टपणें सांगितलें, त्याच उपदेशानें इतका पश्चात्ताप उत्पन्न केला, ही गोष्ट लहान नाहीं.

ह्या अडचणींतून सुटण्याच्या दोन जवळच्या वाटा आहेत, आणि दोन्ही खड्ड्याकडे नेतात. पहिली वाट अशी : ख्रिस्ताचें मरण हा एक अपघात होता, देवाच्या मनांत तें नव्हतें, दुष्टांनीं डाव साधला आणि मग देवानें त्यांतून कांहीं तरी बरें निर्माण केलें. असें म्हटल्यानें देवावरचा आरोप टळतो खरा, पण मग आमच्या तारणाचा पाया कशावर राहिला? जो देव आपल्या पुत्राच्या बाबतींत हतबल झाला, तो आमच्या घरावर संकट आलें असतां काय करणार? शिवाय प्रभु स्वतः गालीलांत असतांनाच आपल्या मरणाविषयीं शिष्यांस पुनःपुन्हां सांगत होता. तो यरुशलेमेस गेला तो फसून नव्हे, तर जाणूनबुजून.

दुसरी वाट ह्याच्या उलट आहे : सर्व कांहीं देवानेंच केलें, माणसें केवळ कळसूत्री बाहुल्या होतीं, दोरी देवाच्या हातीं, मग बाहुलीनें तलवार उगारली तर बाहुलीस काय शिक्षा? ही वाट वरून मोठी भक्तीची दिसते, कारण ती सर्व श्रेय देवास देते. परंतु ती सर्व पापही देवाच्याच पदरीं घालते. बाहुल्यांचा देव कोणावर रागावूं शकत नाहीं, आणि खरें म्हटलें तर कोणावर प्रीतिही करूं शकत नाहीं. यरुशलेम शहर दृष्टीस पडतांच प्रभु रडला, असें लूक सांगतो. बाहुल्यांसाठीं कोण रडेल?

तेव्हां ह्या वाटा सोडून, वधस्तंभाच्या कामांत ज्यांचे हात होते त्या माणसांकडेच नीट पाहूं. यहूदा इस्कर्योतास रुप्याचीं तीस नाणीं पाहिजे होतीं. बैलानें कोणाचा दास हुंदडून मारला तर मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें धन्यास जी भरपाई द्यावयाची तीही तीसच शेकेल होती. प्रमुख याजक कयफा ह्यास आपलें स्थान व आपलें राष्ट्र रोमी सत्तेच्या रोषापासून वांचवावयाचें होतें. सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षां एका माणसानें मरावें हें सोयीचें, असा हिशोब त्यानें न्यायसभेपुढें मांडिला. पिलात इ. स. २६ पासून ३६ पर्यंत यहूदीयाचा रोमी अधिकारी होता. त्याच्या नांवाचा कोरीव दगड इ. स. १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडलेला आहे. ह्या मनुष्यांत कांहीं दोष नाहीं असें तोंडानें पुनःपुन्हां सांगूनही, कैसराची मर्जी जाईल ह्या एका भयानें त्यानें त्यास खिळावयास दिलें. शिपायांस वस्त्रांची वांटणी पाहिजे होती. जमावास बरब्बा पाहिजे होता.

वाचकहो, ह्यांपैकीं कोणाच्या मानेवर देवानें जूं ठेविलें होतें? प्रत्येकानें आपल्याच मनासारखें केलें. देवाचा संकल्प सिद्धीस न्यावा असा विचार त्यांच्यांतील एकाच्याही मनांत नव्हता. आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, पुढें त्यांच्यांतील कोणीही देवाच्या संकल्पाकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेतली नाहीं. यहूदानें नाणीं परत नेलीं, तेव्हां निर्दोष मनुष्याचें रक्त धरून देऊन आपण पाप केलें असेंच तो बोलला. पिलातानें पाणी मागवून हात धुतले. ज्याला आपण बाहुली आहों असें वाटतें तो हात धूत नाहीं. त्यांच्या वतीनें आज आम्ही जो बचाव मांडूं पाहतों, तो त्यांच्या स्वतःच्या मनास सुचला नाहीं. अपराध्याचें मन त्याच्या वकिलापेक्षां अधिक सत्य जाणत होतें.

आतां ह्या सर्व प्रकरणांत प्रभूचा स्वतःचा शब्द काय होता, तें पाहूं. तुला सोडण्याचा व तुला वधस्तंभीं देण्याचा अधिकार मला आहे, असें पिलातानें त्यास बजाविलें. त्यावर प्रभूनें उत्तर दिलें कीं, वरून तुला दिलेला नसता तर माझ्यावर तुझा कांहींएक अधिकार चालला नसता; म्हणून ज्यानें मला तुझ्या हातीं दिलें त्याचें पाप अधिक आहे (योहान १९ : १०, ११). हें उत्तर फार लहान आहे, पण आमच्या सगळ्या प्रश्नाची गांठ त्यांत आहे. पूर्वार्धांत देवाचें सार्वभौमत्व आहे : सुभेदाराची सत्ताही वरून आलेली. उत्तरार्धांत मनुष्याचा अपराध आहे. इतकेंच नव्हे तर त्याचें मोजमाप आहे, एकाचा अधिक, एकाचा कमी. बांधलेल्या हातांनीं उभा असलेला कैदी न्यायाधीशास त्याची सत्ता कोठून आली तें सांगतो, आणि त्याच श्वासांत कोणाच्या माथीं किती पाप आहे तेंही सांगतो. सत्ता वरून मिळाली म्हणून पाप नाहींसें होत नाहीं. उलट, मिळालेल्या सत्तेचा हिशोब द्यावा लागतो.

एकाच कृत्यांत दोन हेतू कसे असूं शकतात, ह्याचें उदाहरण उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे आणि तें आमच्या रविवारच्या शाळेंतील लेंकरांसही ठाऊक आहे. योसेफाच्या भावांनीं हेव्यानें त्यास खड्ड्यांत टाकिलें व रुप्याच्या वीस नाण्यांस विकलें. पुष्कळ वर्षांनीं दुष्काळांत तेच भाऊ धान्यासाठीं मिसर देशांत त्याच्या पायां पडले. तेव्हां योसेफानें त्यांस सांगितलें तें हें कीं, तुम्हीं वाईट योजिलें होतें, परंतु देवानें त्याच गोष्टींत बरें योजिलें होतें (उत्पत्ति ५० : २०). तुमचें कृत्य वाईट नव्हतें असें तो म्हणाला नाहीं. देवास तें मागाहून कळलें असेंही तो म्हणाला नाहीं. कृत्य एक, योजना दोन. भावांची योजना द्वेषाची. देवाची योजना लोकांचे प्राण वांचविण्याची.

शेतांतील दाखला घेतला तर असें म्हणतां येईल. पावसाळ्यांत ओढ्याला लोंढा येतो. पाणी उताराकडे धांवतें तें आपल्या स्वभावानें. कुणब्यानें त्यास धांवावयास शिकविलेलें नसतें. शहाणा कुणबी आधींच ताल घालून ठेवितो, आणि जें पाणी माती वाहून न्यावयाचें तेंच गाळ आणून शेतांत सोडतें. पाण्याचा जोर पाण्याचा, पण पीक कुणब्याच्या योजनेचें. हा दाखला अपुरा आहे हें आम्ही जाणतों. कारण पाण्यास मन नाहीं व अपराध नाहीं, आणि देव हा कुणब्यासारखा बाहेरून आलेल्या पाण्याची वाट पाहणारा नसून सर्वांचा उत्पन्नकर्ता आहे. तरी पारावरच्या प्रश्नकर्त्यास इतकें समजावून देण्यास तो पुरेसा आहे कीं, वाईटास वाईट म्हणूनही त्याच्यावर देवाची सत्ता चालते असें मानतां येतें.

ह्या विषयावर विद्वानांत मोठे वाद झालेले आहेत. पांचव्या शतकांत आगस्तीन व पेलागियस ह्यांच्यांत झाला. पुढें कॅल्विन (१५०९-१५६४) व आर्मिनियस (१५६०-१६०९) ह्यांच्या अनुयायांत झाला, आणि त्यासाठीं इ. स. १६१८-१९ मध्यें हॉलंडांतील डॉर्ट ह्या गांवीं मोठी धर्मसभा भरली. महाराष्ट्रांत स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर कॅल्विनची व मेथडिस्टांबरोबर वेस्लीची परंपरा आली, म्हणून आमच्या मंडळ्यांतही दोन्ही प्रवाहांचें पाणी मिसळलेलें आहे. कोणास तारणासाठीं कसें निवडिलें, ह्या मुद्द्यावर ते वाद होते व आहेत. पण ख्रिस्ताचा वधस्तंभ देवाच्या संकल्पांत होता आणि देव पापाचा कर्ता नाहीं, ह्या दोन गोष्टींविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत आहे. खेड्यांतील उपदेशकानें हें एकमत घट्ट धरावें; वादाच्या फांद्या त्यानें मोजल्या नाहींत तरी चालेल.

मग देवानें हें मरण योजिलें तें कशासाठीं? येथें आम्हांस विशेष सावध राहिलें पाहिजे. पटकीची सांथ आली म्हणजे मरीआईला रेडा किंवा बकरा देण्याची चाल आमच्या वाडवडिलांनीं पाहिलेली आहे. तेथें देवता रागावलेली, मनुष्य भ्यालेला. मनुष्य बळी देतो आणि देवतेचा राग शांत होतो. वधस्तंभाची कथा ऐकून पुष्कळांच्या मनांत हेंच चित्र उभें राहतें : पिता रागावलेला आणि पुत्र हा बकरा. असें शिकविणारा उपदेशक नकळत जुन्या देवळांतच उभा राहून बोलतो. पौल करिंथकरांस लिहितो कीं, ख्रिस्ताच्या ठायीं देव स्वतः जगाचा आपणाशीं समेट करीत होता. तेथें देणारा मनुष्य नव्हे, देणारा देव आहे. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला, तोच खर्च सोसतो.

क्षमेचा स्वभावच असा आहे. एखाद्यानें पांचशें रुपये उसने दिले आणि पुढें ऋणकोची दैना पाहून कागद फाडून टाकिला, तर ते पांचशें रुपये हवेंत विरून गेले काय? नाहीं. ते देणाऱ्याच्या घरांतून गेले. ऋणको मोकळा झाला, कारण धनकोनें तूट आपल्या अंगावर घेतली. मानहानीचेंही तसेंच आहे. भावानें चारचौघांत शिवी दिली आणि आम्हीं त्यास खरोखर क्षमा केली, तर ती शिवी कोणी तरी गिळिली. ती आम्हीं गिळिली. फुकट क्षमा जगांत कोठेंही नाहीं. घेणाऱ्यास ती फुकट असते एवढेंच. आणि न्यायाधीशानें चोरास "असूं दे, जा" म्हणून सोडून दिलें, तर ज्याचें घर फुटलें त्याची दुसऱ्यांदा चोरी होते. म्हणून पवित्र देव पापास "कांहीं नाहीं" असें म्हणूं शकत नाहीं. आणि प्रीतिमान देव पाप्यास टाकूनही देऊं शकत नाहीं. वधस्तंभावर ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. कँटरबरीचा धर्माध्यक्ष आन्सेल्म ह्यानें इ. स. १०९८ च्या सुमारास पुरा केलेल्या ग्रंथांत देवाच्या न्यायाची बाजू मांडिली. त्याच्या मागून आबेलार्डनें प्रीतीची बाजू मांडिली. आमच्या मतें हे दोघे एकाच झाडाच्या दोन बाजूंस उभे होते.

आणि येथेंच देवाच्या सार्वभौमत्वाचें खरें रूप दिसतें. रोमी लोकांचें सार्वभौमत्व कसें होतें? ख्रिस्तपूर्व ७१ सालीं स्पार्टाकसाच्या हाताखालीं उठलेल्या गुलामांचें बंड मोडल्यावर, धरलेल्या सहा हजार माणसांस रोमी सरदारानें कापुआ शहरापासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेनें खिळून टांगिलें. रस्त्यानें जाणाऱ्यांस दिसावें कीं धनी कोण आहे! वधस्तंभ हा सत्तेचा खांब होता. धनी खालीं उभा राही व दास वर टांगिला जाई. देवानें आपलें सार्वभौमत्व दाखविलें तें त्या खांबाच्या खालीं उभें राहून नव्हे, तर वर टांगिल्या जाणाऱ्याच्या जागीं जाऊन. देवदूतांच्या बारांहून अधिक सैन्यांस बोलाविण्याची सत्ता असतां त्यानें तीं बोलाविलीं नाहींत. जो सोसूं शकत नाहीं तो दुसऱ्यास मारून आपली सत्ता सिद्ध करितो. वधस्तंभाचा देव सोसूनही हरला नाहीं. सर्वांत काळें कृत्य त्याच्या हातांतून निसटलें नाहीं, त्याच कृत्यांतून त्यानें तारण निर्माण केलें.

हें जर खरें, तर "देवाची इच्छा" हे शब्द आम्हीं कसे वापरावे, ह्याचा नियम आम्हांस गेथशेमाने बागेंत सांपडतो. तेथें प्रभूनें प्रार्थना केली कीं, हा प्याला माझ्यावरून टळावा; तरी माझ्या इच्छेप्रमाणें नव्हे, तर पित्याच्या इच्छेप्रमाणें व्हावें. नीट पाहा : हे शब्द त्यानें आपल्या स्वतःच्या प्याल्याविषयीं उच्चारिले. कुष्ठी पुढें आला तेव्हां, तुझें कुष्ठ ही देवाची इच्छा, उगा राहा, असें तो बोलला नाहीं. त्यानें हात पुढें करून त्यास शिवून बरें केलें. नाईन गांवच्या विधवेच्या एकुलत्या एक मुलाची तिरडी वेशींतून बाहेर येत असतां त्यानें देवाच्या संकल्पावर व्याख्यान दिलें नाहीं. त्यास तिचा कळवळा आला. जन्मांधाविषयीं, हें कोणाच्या पापाचें फळ, असें शिष्यांनीं विचारिलें, तेव्हां तो हिशोब त्यानें नाकारिला आणि त्याचे डोळे उघडिले. एली याजकानेंही परमेश्वरास बरें दिसेल तें तो करो असें म्हटलें, तें आपल्याच घराण्यावर येणाऱ्या न्यायाविषयीं. ईयोबानें देणारा व नेणारा परमेश्वर असें म्हटलें, तें आपल्याच मेलेल्या लेंकरांविषयीं. आणि त्याच्या मित्रांनीं त्याच्या दुःखाचा अर्थ त्याला शिकविण्यास सुरुवात केली, तेव्हां शेवटीं देव त्या मित्रांवरच कोपला (ईयोब ४२ : ७).

म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, "देवाची इच्छा" हे शब्द प्याला पिणाऱ्याच्या मुखांत शोभतात. प्याला ओतणाऱ्याच्या मुखांत ते शोभत नाहींत. आईनें लेंकराच्या खांचेपाशीं उभें राहून रडत रडत ते म्हटले, तर ती पूजा आहे. पण पिण्याच्या विहिरींत घाण जाऊं देणाऱ्या पंचांनीं त्याच लेंकराविषयीं ते म्हटले, तर ती निंदा आहे. ज्याचें शेत गेलें त्यानें, लढा देऊन थकल्यावर, ते म्हणून मनास शांत केलें तर देव त्याचें ऐकेल. ज्यानें शेत घेतलें त्यानें ते म्हटले, तर तो पिलाताच्या भांड्यांत हात धुतो. दारूबाज नवरा, हुंडा मागणारा बाप, भावाचा हिस्सा बुडविणारा भाऊ, ह्यांपैकीं कोणासही वधस्तंभाच्या आड लपतां येणार नाहीं. कारण वधस्तंभ हाच तो खांब आहे कीं ज्यावर मनुष्याचें पाप उजेडांत टांगलेलें आहे.

आमच्या लोकांस ही गोष्ट इतरांपेक्षां लवकर कळावी. आमच्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांस गांवकुसाबाहेर ठेविलें गेलें, आणि वर सांगितलें गेलें कीं हें तुमच्या कपाळींच होतें, मागल्या जन्मीं तुम्हीं तसें केलें होतें. प्याला दुसऱ्यानें ओतला आणि नशिबाचें नांव घेतलें. इ. स. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या देशाच्या संविधानाच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता बंद केली. म्हणजे जें विधिलिखित म्हणून सांगितलें जात होतें तें मनुष्याचें कृत्य होतें, आणि मनुष्यास तें पुसतां येतें, हें देशानें मान्य केलें. ज्यांच्या आजोबांस हा अनुभव आला, त्यांनीं आज आपल्याहून गरीब मनुष्यास देवाच्या नांवानें तेंच ऐकवावें काय?

ख्रिस्ती लोकांच्या हातूनही ह्या बाबतींत घोर अपराध झालेला आहे, तो सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. युरोपांत शतकानुशतकें यहूदी लोकांस ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून छळण्यांत आलें. इ. स. १०९६ सालीं ऱ्हाइन नदीकांठच्या नगरांत वस्त्रावर क्रूस लावून निघालेल्या टोळ्यांनीं त्यांच्या कत्तली केल्या. आणि ज्या युरोपांत ख्रिस्ताचें नांव शेंकडों वर्षें घेतलें जात होतें, त्याच युरोपांत इ. स. १९४१ ते १९४५ ह्या काळांत जर्मनीच्या नाझी सरकारानें व त्याच्या साथीदारांनीं सुमारें साठ लाख यहूदी मारिले. वधस्तंभाचा अर्थ कळला असता तर असें होतें काय? शिष्यांच्या प्रार्थनेंत अपराध्यांचीं नांवें आहेत तीं हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएलाचे लोक, अशीं सर्वांचीं आहेत. कोणी एक जात वेगळी काढलेली नाहीं. आपल्या कोंकणांत बेने इस्राएल लोक, ज्यांस शेजारी शनिवार तेली म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या सुखानें नांदले. ह्या बाबतींत कोंकणच्या खेड्यांनीं युरोपच्या राजधान्यांस धडा शिकवावा असें आहे. वधस्तंभाकडे पाहून जो दुसऱ्याकडे बोट दाखवितो, त्यानें तो अद्याप पाहिलेलाच नाहीं.

कोणी म्हणेल, मग देवाच्या संकल्पावर विश्वास ठेवून आम्हांस लाभ काय? लाभ हा कीं, तो विश्वास असेल तर हात गळत नाहींत. पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. दुष्काळानें त्यांचे आईबाप इ. स. १८७४ सालीं नेले. पुढें इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या शेंकडों मुलींस व विधवांस घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. देव राजा आहे असें त्या मानीत, म्हणूनच दुष्काळाला त्यांनीं राजा मानिलें नाहीं. आणि इ. स. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत वारली, तेव्हां तोही प्याला त्या प्याल्या, आणि पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचें आपलें काम त्यांनीं अखेरपर्यंत सोडिलें नाहीं. दुसऱ्याच्या दुःखाशीं झुंज आणि आपल्या दुःखांत शरणागति, ह्या दोन गोष्टी एका अंतःकरणांत राहूं शकतात, हें त्यांच्या आयुष्यावरून कळतें.

आमच्या उपदेशक बंधूंस शेवटीं एक विनंति. दुःखाच्या घरीं जाल तेव्हां देवाच्या संकल्पाचा उलगडा करण्याची घाई करूं नका. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ त्याच्या शिष्यांसही शुक्रवारीं कळला नव्हता; शनिवारीं ते दारें लावून बसले होते; आणि रविवारीं अम्माऊसच्या वाटेवरून चालणाऱ्या दोघांचीं मनें, प्रभु स्वतः त्यांच्याबरोबर चालूं लागला तरी, खिन्नच होतीं. त्यानें प्रथम त्यांचें दुःख ऐकून घेतलें, आणि मग शास्त्र उलगडून सांगितलें. तुम्हीही प्रथम ऐका. चूल पेटली नसेल तर पेटवा. पाणी नसेल तर आणा. खांच खणावयाची असेल तर कुदळ धरा. अन्याय झाला असेल तर त्या घरच्यांबरोबर तलाठ्याकडे व कचेरींत जा. त्या घरांत "तुझी इच्छा पूर्ण होवो" हे शब्द उच्चारावयाचे असतील, तर ते रडणाऱ्या मुखानें आपल्या वेळीं उच्चारूं द्या. तुम्ही त्याच्या शेजारीं बसून "आमेन" म्हणा.

कारण ज्या देवानें वधस्तंभाचा अर्थ तिसऱ्या दिवशीं उघड केला, त्यास आमच्या प्रत्येक शुक्रवाराची तारीख ठाऊक आहे. प्रत्येक दुःखाचें कारण आम्हांस ह्या जन्मीं कळेलच असें नाहीं. परंतु सत्ता कोणाच्या हातीं आहे हें आम्हांस कळलेलें आहे, आणि त्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.